सीआरपी आठ आला, आता किती वर्षं उरली?

प्रश्न : पत्रलेखिका ५३ वर्षांच्या आहेत, नोकरी करतात. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. कामाच्या ठिकाणच्या वार्षिक तपासणीत त्यांचा एचएस-सीआरपी (शरीरात दाह, म्हणजे सूज, असली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची बारीक मोजणी) ६.८ आला आणि आकड्यापुढे लाल तारा होता. तपासणीच्या दहा दिवस आधी त्यांना ताप येऊन गेला होता. त्यानंतर त्यांनी स्वतःहून तीनदा रक्त तपासून घेतलं. ३.४ आला, मग ८.१, आणि चौथ्या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये ०.७. हा शेवटचा आकडा ‘लॅबची चूक’ म्हणून त्यांनी सोडून दिला. ईएसआर (लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात, ते मोजणारी दाहाचीच जुनी चाचणी) ३४ आहे. सीआरपी जास्त असलेली माणसं लवकर जातात, असं त्यांनी वाचलं. वडील ५७व्या वर्षी हृदयविकाराने गेले, त्यामुळे ते वाचलेलं मनातून जात नाही. घरी नवऱ्याला किंवा मुलीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. गुडघ्यासाठी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी ‘दाह कमी करते’ म्हणून त्या दोन महिने रोज घेत आहेत. ‘निवृत्तीपर्यंतची वर्षं हातात नसतीलच, तर आत्ताच नोकरी सोडू का? धीर देऊ नका, खरं सांगा,’ असं त्या विचारतात. पत्रासोबत पूर्ण अहवाल जोडला आहे.

उत्तर :

खरं सांगा म्हणालात, तर आधी हे सांगतो की तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. २०१० साली ५४ अभ्यासांतल्या १,६०,३०९ माणसांची माहिती एकत्र करून तपासली गेली. सुरुवातीला यांपैकी कुणालाही हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नव्हता. ज्यांचा सीआरपी जास्त होता, त्यांच्यात पुढे हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू जास्त दिसले.

इथवर तुम्ही वाचलं असणार. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती सहसा कुणी सांगत नाही. काही कॅन्सरमुळे आणि फुप्फुसाच्या आजारांमुळे झालेले मृत्यूही याच माणसांत जास्त होते. म्हणजे एकच प्रथिन हृदयाचं भाकीत करतं, फुप्फुसाचं करतं आणि कॅन्सरचंही करतं. समोर येईल त्याला ‘काहीतरी होणार आहे’ एवढंच सांगणाऱ्या ज्योतिषाच्या शब्दावर तुम्ही नोकरी सोडली असतीत का?

सीआरपी म्हणजे चुगलखोर शेजारी. अमक्याच्या घरात भांडण चालू आहे, हे तो लगेच येऊन सांगतो. कोणाचं, कोणाशी आणि कशावरून, हे विचारलं की मान हलवतो. १९३० साली विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना हे प्रथिन न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठेही दाह झाला की तिथल्या पेशी निरोप धाडतात. त्यातला मुख्य निरोप्या म्हणजे इंटरल्युकिन-६. तो यकृताला पोचला की यकृत सीआरपी बनवू लागतं. मोठा जिवाणूसंसर्ग झाला तर आकडा शंभराच्या पलीकडे जातो. कारण मिटलं की तो भराभर उतरतो, कारण रक्तातलं निम्मं सीआरपी साधारण १९ तासांत नाहीसं होतं. त्यामुळे एका वेळचा आकडा हा बहुतेक गेल्या काही दिवसांचा हिशेब असतो. पुढच्या वीस वर्षांचा तर नसतोच नसतो.

आता तुमचे आकडे पाहू, आणि चौथ्यापासूनच सुरुवात करू, कारण मला सगळ्यात जास्त गंमत त्याचीच वाटली. त्या लॅबने काही चूक केलेली नाही. पहिल्या तीन अहवालांत एकक ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ आहे आणि चौथ्यात ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’. लिटरमध्ये दहा डेसिलिटर असतात, म्हणून ०.७ म्हणजे ७. पॅथॉलॉजीत तीस वर्षं काढल्यावर सांगतो, दशांशचिन्हाने माणसांना जेवढं रडवलं आणि हसवलं तेवढं खऱ्या आजारांनीही नसेल. हे वाचणाऱ्या इतरांनीही अहवाल हातात आला की आकड्याआधी त्याच्या शेजारी बारीक अक्षरात छापलेलं एकक वाचावं.

पहिला ६.८ तापानंतर दहा दिवसांचा. तो मोजायलाच नको होता. २००३ साली अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने या चाचणीचे साधे नियम घालून दिले. प्रकृती ठीक असताना, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी घ्या. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, १ ते ३ मधला, ३च्या वर जास्त. १०च्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग किंवा दुसरं कारण शोधा आणि नंतर पुन्हा मोजा. सर्दी, लस, नुकतंच काढलेलं दाढेचं मूळ, आदल्या दिवशीचा जबर व्यायाम, यांतल्या कशानेही आकडा हलतो. एकाच निरोगी माणसाचा सीआरपी आज दोन आणि पुढच्या महिन्यात साडेतीन येणं यात नवल काही नाही. तुमचा ३.४ आणि ८.१ यांच्यात ‘आजार वाढला’ अशी गोष्ट रचण्यासारखं काही नाही.

तरी हिशेब सरळ ठेवूया. तापानंतरचा धरला नाही तरी तीन वेळा आकडा ३च्या वर आहे. म्हणजे तुमचा सीआरपी खरोखरच थोडा चढलेला आहे, आणि तो चढलेला राहतो आहे. ‘काही नाही हो, दुर्लक्ष करा’ असं मी म्हणणार नाही.

मग याचा अर्थ किती? २०२४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २७,९३९ निरोगी बायकांचं रक्त एकदाच तपासून त्यांच्याकडे तीस वर्षं लक्ष ठेवलं होतं. वयाने त्या सुरुवातीला तुमच्याच आगेमागे होत्या. सीआरपीच्या वरच्या पाचव्या हिश्शातल्या बायकांना हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका खालच्या पाचव्या हिश्शाच्या १.७ पट होता. कोलेस्टेरॉलसाठी हाच फरक १.३६ पट होता. ही बातमी झाली तेव्हा मथळ्यात ‘कोलेस्टेरॉलपेक्षा घातक’ असं आलं. पण अभ्यासाच्या दुसऱ्या टोकाने बघा. तीस वर्षांत एकूण ३,६६२ बायकांना असा झटका किंवा तत्सम घटना झाली, म्हणजे शंभरात साधारण तेरा. उरलेल्या सत्त्याऐंशीत चढ्या सीआरपीवाल्या पुष्कळ होत्या. १.७ पट हा आकडा हजारो बायकांच्या जमावाचा आहे. त्यातल्या एकीला पुढे करून ‘हिची इतकी वर्षं कमी’ असं त्यातून काढता येत नाही. जमावाचं सरासरी वजन ६२ किलो असलं म्हणून तुमचं ६२ होत नाही, तसंच हे.

तुमच्या पत्रामागे आणखी एक समजूत आहे, आणि ती पहिलीपेक्षा चिवट आहे. आकडा खाली आणला की धोका खाली येईल, अशी ती समजूत. म्हणूनच ती गोळी.

ज्यांना जन्मतःच जनुकांमुळे सीआरपी जास्त असतो, त्यांच्याकडे संशोधकांनी पाहिलं. सीआरपी स्वतःच रक्तवाहिन्या खराब करत असता, तर या माणसांत हृदयविकार जास्त दिसायला हवा होता. तसा तो दिसला नाही. उलट इंटरल्युकिन-६चा निरोप जनुकांमुळेच थोडा कमी ऐकू येतो अशा माणसांत हृदयविकार कमी दिसला. म्हणजे दोष चुगली करणाऱ्याचा नाही, घरातल्या भांडणाचा आहे. मग भांडणच औषधाने थांबवलं तर? तेही करून झालं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कँटोस चाचणीत, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांना दाहाच्या मुळाशी जाणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन किंवा नुसतं मीठपाण्यासारखं इंजेक्शन दिलं. सीआरपी उतरला. मधल्या डोसवर पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू यांचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं. पण एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, आणि जिवावर बेतणारे संसर्ग वाढले. दाह ही शरीराची राखणदारीसुद्धा आहे, ती बंद केली की चोर आत येतात. दुसऱ्या एका चाचणीत मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या औषधाच्या लहान डोसने ना सीआरपी हलला, ना झटके कमी झाले. कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या जुन्या औषधाबद्दल तुम्ही कदाचित वाचलं असेल. हृदयासाठी ते हृदयरोग आधीच असलेल्यांना देतात, त्यांच्यातही निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत, आणि तुम्ही त्या गटात नाही.

आणि तुम्ही घेताय ती गोळी तर या सगळ्यात बसतच नाही. गुडघ्याची सूज उतरवणाऱ्या या वर्गातल्या औषधांनी हृदयाचं रक्षण होतं असं समजू नका. उलट ॲस्पिरिन सोडलं तर या वर्गातली बहुतेक औषधं रोज, दीर्घकाळ घेतली की हृदयविकाराचा धोका वाढतो. याच वर्गातलं रोफेकॉक्सिब २००४ साली जगभरातून बाजारातून मागे घ्यावं लागलं, तेही याच कारणाने. त्यातून रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पोटात व्रण होऊन रक्त जाऊ शकतं. ज्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी लिहून दिली त्यांना फोन करा आणि ‘मी ती दोन महिने रोज घेतेय’ एवढं एक वाक्य सांगा. ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.

पोटातून रक्त जाण्याचा विषय मी उगाच काढला नाही. तुम्ही सगळा अहवाल जोडलात हे फार बरं केलंत. तुमच्या दोन पानांच्या पत्रात सीआरपी हा शब्द एकोणीस वेळा आला आहे, हिमोग्लोबिन एकदाही नाही. ते १०.४ आहे. बायकांसाठी १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय. त्याच्याच खालच्या ओळीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ७२ आहे, तो साधारण ८०च्या वर असायला हवा. म्हणजे रक्तपेशी लहान झाल्या आहेत, आणि लहान पेशींचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे लोह कमी पडणं. पाळी चालू असताना लोह कशामुळे जातंय याचा सहज अंदाज येतो. पाळी बंद होऊन तीन वर्षं झालेल्या बाईला लोह कमी पडत असेल, तर ते कुठून जातंय हे डॉक्टरांनी शोधलंच पाहिजे, जठर आणि आतड्यांसकट. त्यात तुम्ही रोज ती गोळी घेताय. नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन आकडा वर आणला आणि गप्प बसलं, असं इथे चालत नाही. या पत्रातलं तातडीचं काम कुठलं असेल तर ते हे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. शौच काळं होत असेल, दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आठवडाही थांबू नका.

लोहाची तपासणी सांगितली जाईल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. फेरिटिन हा लोहाच्या साठ्याचा आकडा दाह असताना वर चढतो. म्हणून चढ्या सीआरपीसोबत ‘फेरिटिन नॉर्मल’ आलं, की लोह पुरेसं आहे असं म्हणता येत नाही. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही, म्हणजे रक्तातल्या लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती लोह चढलंय तेही, बघायला सांगा. उलट्या बाजूने, चिवट दाहानेही रक्तक्षय होतो. इंटरल्युकिन-६मुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवतं आणि ते लोह कोठारातच कुलूप लावून ठेवतं. तुमच्यात यातलं काय आहे हे पत्रावरून सांगता येणार नाही. तपासणी केली की कळेल.

आणि तो ईएसआर ३४. त्याची धास्ती सोडा. बायकांसाठी वय अधिक दहा, भागिले दोन, असा जुना ठोकताळा आहे. तुमच्यासाठी मर्यादा होते साडेएकतीस. शिवाय रक्तक्षय असला की लाल पेशी कमी गर्दीमुळे नळीत लवकर खाली बसतात आणि ईएसआर आपोआप वाढतो. म्हणजे तो तुम्हाला हिमोग्लोबिनबद्दलच सांगत होता.

अहवालात ज्यांच्यापुढे तारा नव्हता त्या दोन-तीन ओळीही वाचूया, कारण तुमच्या उरलेल्या वर्षांबद्दल सीआरपीपेक्षा त्यांचं म्हणणं जास्त उपयोगाचं आहे. त्यांच्यावर काही करता येतं, म्हणून. रक्तदाब १३८/८८. गोळी थांबली की तो दोन आठवडे घरी, शांत बसून, सकाळ-संध्याकाळ मोजा आणि लिहून ठेवा. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४६. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याच्या अलीकडचा टप्पा. पण रक्तक्षयात, विशेषतः लोह कमी असताना, हा आकडा खोटा चढू शकतो, तेव्हा उपाशीपोटीची साखरही बघा. पाच वर्षांत नऊ किलो वजन वाढलं, असं तुम्ही लिहिलंत. पोटाभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही. रक्तातल्या इंटरल्युकिन-६चा साधारण तिसरा हिस्सा चरबीतून येतो असा अंदाज आहे. वजन उतरलं की बहुतेकांचा सीआरपीही उतरतो. रोजची पाच तासांची झोप याच वहीत मांडायला हवी.

वडिलांबद्दल. घराण्यातला लवकरचा हृदयविकार म्हणताना डॉक्टर पुरुष नातेवाइकांसाठी ५५ वर्षांची रेषा धरतात, स्त्रियांसाठी ६५ची. तुमचे वडील ५७चे होते, म्हणजे रेषेच्या दोन पावलं पलीकडे. रेषा माणसांनीच आखली आहे, निसर्गाला ५४ आणि ५७ यांत फार फरक वाटत नसावा. पण ते दिवसाला वीस सिगारेटी ओढायचे, असंही तुम्हीच लिहिलंय. तुम्ही कधी ओढली नाही. वडिलांकडून आलेलं सगळंच रक्तातून येत नाही.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, घ्यायचं की नाही, हा प्रश्न या सगळ्या ओळी एकत्र ठेवून डॉक्टरांशी बोलायचा आहे. तिथे सीआरपीचा खरा उपयोग होतो. घ्यावं की न घ्यावं अशी दोलायमान स्थिती असेल तेव्हा चढा सीआरपी पारडं ‘घ्यावं’कडे झुकवतो. ज्युपिटर या चाचणीत, २००८ साली, एलडीएल १३०च्या खाली पण सीआरपी २ किंवा त्याच्या वर असलेल्या १७,८०२ माणसांना रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली गेली. नुसती गोळी घेणाऱ्या ८,९०१ जणांपैकी २५१ जणांना झटका, पक्षाघात किंवा तत्सम काही झालं, औषध घेणाऱ्या तेवढ्याच जणांपैकी १४२ जणांना. मथळ्यात हे ‘४४ टक्के घट’ होतं. प्रत्यक्षात सुमारे दोन वर्षांत शंभरात तीनापेक्षा थोडे कमी विरुद्ध दीडापेक्षा थोडे जास्त. दोन्ही खरं आहे. डॉक्टर टक्क्यांत बोलले की ‘शंभर बायकांत किती?’ असं विचारायची सवय लावून घ्या.

सीआरपी आता पुन्हा कधी? रक्तक्षयाचा छडा लागून, वजन-झोपेवर निदान तीन महिने काम झाल्यावर, ताप-सर्दी नसताना एकदा. त्याच लॅबमध्ये, त्याच एककात. तेव्हा तो तीनाच्या वर असला तर दुसरं कारण शोधायला डॉक्टरांकडे आणखी एक कारण मिळेल. मधल्या काळात स्वतःहून रक्त तपासणं बंद. तुम्ही तसं तीन वेळा तपासलंत आणि प्रत्येक वेळी आकड्यापेक्षा भीतीच वाढली.

नोकरी. तुम्हाला नोकरीचा कंटाळा आला असेल, तर सोडा. त्याला मरणाचं निमित्त कशाला हवं? पैशांचा हिशेब, रोज सकाळी उठून जावंसं वाटतं की नाही, घरी राहून काय करणार, या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. पण ‘आठ आला म्हणून सोडते’ असं असेल, तर राजीनामा सध्या खणात राहू द्या. कारण आठ या आकड्यातून तुमची वर्षं मोजताच येत नाहीत, हे आपण वर पाहिलं.

नवऱ्याला आणि मुलीला सांगा. सीआरपीचं नव्हे, हिमोग्लोबिनचं सांगा. ‘माझं रक्त कमी आहे, त्याचं कारण शोधायचंय, तपासणीला माझ्यासोबत चला’ हे सांगायला सोपं आहे आणि त्यांनाही काहीतरी करता येईल.

शेवटची एक ओळ तुमच्याच पत्रातली, जी तुम्ही कंसात टाकली होती : ब्रश करताना बरीच वर्षं हिरड्यांतून रक्त येतं. हिरड्यांचा जुनाट दाह सीआरपी चढवतो आणि त्यावर उपचार केले की तो थोडा उतरतो, हे पाहिलं गेलंय. हृदयविकार त्याने टळतो असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून तसं वचन देत नाही. माझाच सीआरपी एकदा १४ आला होता. आठवडाभर मी स्वतःचे सगळे अवयव संशयाने बघत होतो, आणि निघाली किडकी अक्कलदाढ. दातांच्या डॉक्टरांचीही वेळ घ्या, पण लोहाच्या तपासणीनंतरची.